मदतनिधीच्या लांब सायकल राइडमध्ये सोबत कशी करावी

हिवाळ्यात पुणे–बंगळूर महामार्गावर पहाटे निघालात तर गोव्याच्या दिशेने चाललेला सायकलस्वारांचा एखादा गट हमखास भेटतो, आणि त्यांतले बरेच जण कोणत्या तरी कामासाठी निधी गोळा करत असतात. पुण्याहून सातारा, कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी आणि तिथून पणजी असा हा रस्ता सुमारे साडेचारशे किलोमीटरचा आहे. वाटेत निपाणीच्या बाजूला थोडा कर्नाटकाचा पट्टा लागतो. चार दिवसांत तो आरामात पुरा होतो. पुढील सूचना मी याच रस्त्याच्या अनुभवावरून लिहीत आहे, परंतु मदतनिधीच्या कोणत्याही लांब राइडला त्या लागू पडाव्यात.

अशा राइडचा हिशेब वेगळा असतो, आणि तो पहिल्या दिवशीच मनाशी पक्का केला पाहिजे. ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडमध्ये, २०० किलोमीटरला साडेतेरा तास आणि ६०० किलोमीटरला ४० तास अशी मुदत असते. तिथे ज्याने त्याने आपले आपण सांभाळायचे असते आणि ते तिथे योग्यच आहे. मदतनिधीच्या राइडमध्ये बहुतेक देणगीदारांनी पैसे निघण्यापूर्वीच दिलेले असतात. तुम्ही कोल्हापूरला दुपारी एकला पोहोचलात की चारला, याने त्या रकमेत एका रुपयाचाही फरक पडत नाही. रस्त्यावर उरलेले काम एकच असते, आणि ते म्हणजे निघालेल्या सर्वांनी सुखरूप पोहोचणे. त्यामुळे अशा गटाचा वेग पुढचा माणूस ठरवत नाही, शेवटचा ठरवतो. पुढचे बहुतेक सगळे नियम एवढ्या एका गोष्टीतून निघतात.

निघण्यापूर्वी

आपली सरासरी किती, सलग किती किलोमीटर चालवले आहेत, दमा, मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे चालू आहेत का, हे संयोजकांना खरे सांगावे. ताशी अठराने चालवणाऱ्याने बावीस सांगितले, तर पहिल्याच दिवशी खंबाटकीच्या चढावर सगळ्या गटाला ते कळते आणि त्याचे स्वतःचे उरलेले तीन दिवस ओशाळेपणात जातात. खरा वेग सांगितला, तर त्याला त्याच्या जोडीचे लोक मिळतात.

आपल्या चाकाच्या मापाच्या किमान दोन ट्यूब, टायर लिव्हर, पंप, चेन जोडण्याची कडी आणि लाल मागचा दिवा प्रत्येकाने स्वतःचा घ्यावा. रोड बाइक, हायब्रिड आणि एमटीबी (डोंगराळ वाटांची जाड टायरची सायकल) यांच्या ट्यूब एकमेकींना चालत नाहीत आणि व्हॉल्व्हही वेगवेगळ्या प्रकारचे असतात, म्हणून ‘कोणाकडे तरी असेलच’ हा भरवसा नेमक्या वेळी फसतो. मागचा दिवा गटात असताना लुकलुकता ठेवू नये, स्थिर ठेवावा. अंधारात तासभर लुकलुकत्या दिव्यामागे चालवणाऱ्याच्या डोळ्यांना त्याचा अतिशय त्रास होतो आणि त्याला समोरचे अंतर नीट कळत नाही.

देणगी मागण्याचीही एक रीत आहे. एकदा सविस्तर आणि एकदा आठवण म्हणून विचारावे, त्यापुढे नाही. पैसे थेट संस्थेच्या खात्यात जातील अशी व्यवस्था करावी, म्हणजे पावतीचा प्रश्न राहत नाही. २,००० रुपयांपेक्षा जास्त देणगी रोख दिली तर तिच्यावर आयकरातील सवलत मिळत नाही, हे देणाऱ्याला आधी सांगावे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकांकडून देणगी घ्यायची असेल, तर त्या संस्थेकडे परदेशी अंशदान कायद्याखालील नोंदणी आहे ना, हे विचारून घ्यावे. नसेल तर मामेभावाचे डॉलर कितीही मनापासून आलेले असले तरी संस्था अडचणीत येते.

ओळीत चालवताना

महामार्गावर एकेरी ओळ हाच नियम असावा. गप्पा मारायला शेजारी शेजारी चालवण्याची इच्छा होते, आणि दिवसभराच्या प्रवासात गप्पा हव्यातच, पण त्यासाठी आजऱ्याच्या पुढचा मोकळा रस्ता आहे, चहाचे थांबे आहेत. सहा ते आठ जणांची एक ओळ करावी आणि दोन ओळींमध्ये शंभरेक मीटर मोकळे सोडावे, म्हणजे ओलांडून जाणाऱ्या ट्रकला मध्ये शिरायला जागा मिळते. पंचवीस जणांची अखंड रांग बघायला सुंदर दिसते, परंतु तिला ओलांडू पाहणाऱ्या चालकाला ती संपतच नाही, आणि मग तो नको तिथे आत घुसतो.

पुढच्याच्या आडोशाने चालवले की वाऱ्याचा विरोध पाव ते एक तृतीयांश भागाने कमी होतो, हे खरे आहे. समोरून वारा असताना तो आडोसा म्हणजे उपकारच वाटतो. मात्र ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे सात मीटर. पुढच्याने अचानक ब्रेक दाबला आणि तुम्हाला ते कळायला अर्धा सेकंद लागला, तर तेवढ्यात तुम्ही साडेतीन मीटर पुढे गेलेले असता. सरावाचे लोक अर्ध्या चाकाच्या अंतराने चालवतात. आपल्या गटात काल ओळख झालेली माणसे आहेत, म्हणून निदान एका सायकलची लांबी मोकळी ठेवावी. आणि आपले पुढचे चाक समोरच्याच्या मागच्या चाकाच्या शेजारी कधीही नेऊ नये. कराडच्या पुढे एकदा माझ्यासमोर हेच घडले. पुढच्या माणसाने काचांचा ढीग चुकवण्यासाठी वीतभर उजवीकडे घेतले आणि त्याच्या चाकाला मागच्याचे चाक घासले. पुढच्याला फक्त हलकासा धक्का जाणवला आणि तो चालवतच राहिला. मागचा मात्र साइडपट्टीवर आडवा झाला आणि त्याचे मनगट मोडले. चाकाला चाक लागले की बहुधा मागचाच पडतो, हे प्रत्येक नवख्याला निघण्यापूर्वी समजावून सांगावे.

ओळीतल्या पुढच्या माणसाला रस्ता दिसतो, बाकीच्यांना त्याची पाठ दिसते. म्हणून त्याने दिसेल ते बोलले पाहिजे: ‘खड्डा उजवीकडे’, ‘गतिरोधक’, ‘काच’, ‘जोड आहे’, ‘उलटा येतोय’. शेवटचा शब्द आपल्याकडे फार लागतो, कारण सर्व्हिस रोड टाळण्यासाठी मोटरसायकली साइडपट्टीवरून सर्रास उलट दिशेने येतात. पुलांवरच्या सांध्यांकडे विशेष लक्ष द्यावे; सडपातळ टायर त्या फटीत अडकतो, म्हणून ती शक्य तितकी काटकोनात ओलांडावी. मागच्या माणसाचे काम ‘मागून गाडी’ हे सांगण्याचे. प्रत्येक हाक ओळीतल्या प्रत्येकाने पुढे किंवा मागे पोहोचवली पाहिजे, मध्येच गिळू नये. हात सोडून खूण करणे चांगले, पण खडबडीत रस्त्यावर दोन्ही हात हँडलवर आणि तोंडाने हाक हेच बरे. कानात इअरफोन घालणाऱ्याला ओळीत जागा देऊ नये, याबाबत मी कोणाचीही भीड ठेवत नाही.

उभे राहून पेडल मारण्याआधी ‘उभा राहतोय’ असे म्हणावे. माणूस सीटवरून उठतो त्या क्षणी सायकल एकदम वीतभर मागे आल्यासारखी होते, आणि चढावर मागचा गाफील असेल तर तेवढे पुरते. थांबायचे असेल तर आधी सांगून, वेग कमी करत, रस्त्याच्या पूर्ण बाहेर जाऊन थांबावे. थुंकायचे किंवा नाक शिंकरायचे असेल, तर ओळीच्या शेवटी जाऊन. ओलांडताना उजवीकडून जावे आणि आधी आवाज द्यावा. पंढरपूरच्या सायकल वारीत वारकऱ्यांच्या रीतीप्रमाणे ‘माउली’ अशी साद घालतात आणि समोरचा आपोआप बाजूला होतो. घंटीपेक्षा ती साद कितीतरी गोड लागते, आणि तिच्यात ‘बाजूला हो’ असा हुकूम नसतो.

पुढे राहणाऱ्याने आपली पाळी आली म्हणून वेग वाढवू नये. ओळीचा जो वेग चालू होता तोच पाच-सात मिनिटे टिकवावा आणि मग मागे जावे. साइडपट्टी अरुंद असेल तर पुढचा माणूस चालत्या ओळीत बदलू नये, पुढच्या थांब्यावर बदलावा. जो दमलेला आहे त्याने पुढे आलेच पाहिजे असे नाही. चारही दिवस आडोशाने आलेल्या माणसाला त्याचा हिशेब कोणी विचारू नये.

सातारा सोडल्यावर ऊस सुरू होतो, आणि गळीत हंगाम म्हणजे नेमके राइडचेच दिवस. पहाटेच्या धुक्यात मागे दिवा नसलेल्या, दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरच्या मागे आपण कधी येऊन पोहोचलो हे कळतही नाही. ट्रॉलीच्या आडोशाला वारा लागत नाही म्हणून तिच्यामागे चिकटून चालवण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा, कारण ट्रॉलीखालचा खड्डा दिसत नाही आणि वरून एखादी मोळी सुटली तर बाजूला व्हायला वेळ नसतो. ट्रॉलीला हात धरून ओढून घेणे तर दूरच राहो. ओलांडायचे असेल तर एका वेळी एकाच सायकलने, पूर्ण अंतर राखून ओलांडावे, कारण बाहेर आलेले ऊस खांद्याला आणि हँडलला अडकतात.

मागे पडलेल्याची सोबत

या विषयावर मला सर्वांत जास्त सांगायचे आहे, कारण भल्या माणसांकडूनही इथेच चूक होते. पुढचे लोक थांब्यावर पोहोचतात, चहा घेतात, पाय ताणतात, वीस मिनिटे बसतात. मग शेवटचा सायकलस्वार धापा टाकत येतो आणि त्याला पाहून सगळे आनंदाने उठतात: ‘आला, चला निघू या!’ म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज आहे त्याला ती मिळतच नाही. त्याची बाटलीही भरून होत नाही. दिवसभरात असे पाच थांबे झाले की तो माणूस पाचही वेळा न बसता निघतो, आणखी मागे पडतो, आणि आपण सगळ्यांना उशीर करतो आहोत असे मनाला लावून घेतो. म्हणून थांब्याची वेळ पहिल्याच्या येण्यापासून मोजू नये; शेवटचा आल्यावर दहा मिनिटे, असा नियम ठेवावा. पुढच्यांना एवढा वेळ बसवत नसेल तर त्यांनी छोटी तुकडी करून आधी निघावे, पण शेवटच्याच्या तोंडावर उठू नये.

खाण्याचेही तसेच. केळी, चिक्की आणि उकडलेले बटाटे पुढचे तीस जण संपवतात आणि शेवटच्या पाच जणांना रिकामी परात दिसते. वाढणाऱ्या स्वयंसेवकाने आधीच शेवटच्यांचा वाटा बाजूला काढून ठेवावा. त्यांना मीठ तर आणखीच लागते, कारण ते उन्हात तास-दीड तास जास्त असतात. नुसते पाणी पीत राहिले की अंगातले क्षार कमी होतात, मळमळते, डोके जड होते. मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत किंवा ओआरएस त्यांच्यासाठी राखून ठेवलेले असावे.

प्रत्येक राइडमध्ये एक माणूस कायम सर्वांच्या मागे चालवतो. त्याला स्वीप म्हणतात आणि तो कोणालाही ओलांडत नाही. हे काम उरलेल्या माणसाला देऊ नये, गटातल्या सर्वांत समंजस माणसाला द्यावे. त्याला पंक्चर काढता आले पाहिजे, प्रथमोपचार आले पाहिजेत, आणि मागे पडलेला माणूस ऐकत असताना फोनवर ‘आम्ही अजून इथेच आहोत’ असे वैतागून बोलायचे नाही हे कळले पाहिजे. त्याने शेवटच्याच्या बरोबर मागे चाक लावूनही चालवू नये. मागून ढकलले जात असल्यासारखे वाटते. दहा-पंधरा मीटर मागे, दिसेल इतक्या अंतरावर राहावे.

एका वर्षी आजऱ्याहून आंबोलीकडे जाताना मी हे काम करत होतो. तिथला चढ अवघड नाही, परंतु तो संपत नाही, आणि तिसऱ्या दिवसाचे पाय वेगळे असतात. साठीच्या आसपासचे एक काका माझ्यापुढे होते. त्यांच्या मांडीत गोळा आला आणि ते उतरले. ‘तुम्ही पुढे व्हा, मी येतो’ असे ते तीनदा म्हणाले. मी सायकल त्यांच्या सायकलला टेकवली आणि किलोमीटरच्या दगडापाशी बसलो. त्यांना सरबत दिले, चिक्कीचे पाकीट फोडून अर्धी त्यांच्या हातावर ठेवली, अर्धी मी खाल्ली. चला, थोडेच राहिले, असे काहीही मी म्हटले नाही, कारण थोडे राहिलेले नव्हते. त्यांनी जोडा काढला, टाच धरून पाय सरळ केला आणि थोड्या वेळाने आपण होऊन बायकोच्या आजारपणाबद्दल बोलू लागले. ज्या रुग्णालयासाठी आम्ही निधी जमवत होतो, त्याच प्रकारच्या वॉर्डात त्यांचे आठ महिने गेले होते. गटातल्या कोणालाच हे माहीत नव्हते. वीस मिनिटांनी ते उठले आणि शेवटपर्यंत चालवत गेले. मदतनिधीच्या राइडमध्ये अशी कारणे घेऊन आलेली माणसे नेहमीच असतात. त्यांना विचारून बोलते करू नये. सोबत बसावे, म्हणजे त्यांना बोलायचे असेल तर बोलता येते.

न विचारता सल्ला देऊ नये. सीट खाली आहे, गिअर चुकीचा लागला आहे, हे दिसत असले तरी आधी ‘एक सुचवू का?’ एवढे विचारावे. चढावर पाठीला हात लावून ढकलण्याची पद्धत आहे, पण परवानगी मिळाल्याशिवाय कोणाच्याही अंगाला हात लावू नये, आणि बाईमाणसाच्या बाबतीत तर हे शंभर टक्के पाळावे. रस्त्याकडेला थांबलेला सायकलस्वार दिसला की जाता जाता ‘ठीक आहे ना?’ हे प्रत्येकाने विचारायचेच, आणि थांबलेल्याने अंगठा दाखवून उत्तर द्यायचेच. अंगठा दिसला नाही तर थांबायचे. पंक्चर असेल तर एकाने हात लावावा, एकाने मागून येणाऱ्या गाड्यांवर लक्ष ठेवावे, बाकीच्यांनी गर्दी करू नये. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून सावकाश बोट फिरवावे. महामार्गावर बाभळीच्या काट्यापेक्षा ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली केसाएवढी तारच जास्त वेळा सापडते, आणि ती काढली नाही तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होते.

थकल्यावर गटासोबतच्या टेम्पोत बसावे लागणे हा कमीपणा नाही, आणि तो वाटू नये ही जबाबदारी बाकीच्यांची आहे. कोणत्या ठिकाणी किती वाजल्यानंतर टेम्पोत घेतले जाईल हे आदल्या रात्रीच सगळ्यांसमोर सांगावे. म्हणजे तो निर्णय त्या एका माणसाविरुद्ध घेतल्यासारखा होत नाही. मुक्कामी टेम्पो आला की त्याची सायकल उतरवायला दोघांनी पुढे व्हावे आणि ‘काय झालं?’ असे दहा जणांनी विचारू नये.

कोणी पडलेच, तर आधी मागून येणारी वाहतूक सावध करावी, मग माणसाकडे जावे. त्याला घाईने उठवू नये, मान दुखत असेल तर हेल्मेट काढू नये. १०८ क्रमांक महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा तिन्ही राज्यांत चालतो. फोन एकानेच करावा आणि किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगावा.

घाट उतरताना

आंबोलीचा घाट दाणोलीपर्यंत उतरताना ओळ मोडावी आणि प्रत्येकाने स्वतंत्र, निदान वीस-तीस मीटर अंतराने उतरावे. इथे आडोसा नको आणि गप्पाही नकोत. वळण येण्याआधी वेग कमी करावा, वळणात ब्रेक दाबू नये, वळणावर कोणालाही ओलांडू नये. सतत ब्रेक धरून ठेवल्याने रिम तापते, म्हणून दाबावे आणि सोडावे. सकाळच्या धुक्यात रस्ता ओला असतो, माकडे रस्त्यावर बसलेली असतात, आणि त्यांना केळे दाखवणारा सायकलस्वार मागच्या सगळ्यांना धोक्यात घालतो. उतारावर भित्रा असलेल्याला हसू नये. सावकाश उतरणाऱ्याने डावी बाजू सोडू नये एवढीच अपेक्षा असावी.

मुक्कामावर

मुक्काम बहुधा शाळेत, मंगल कार्यालयात किंवा साध्या लॉजवर असतो. तिथे सर्वांत भांडणाची गोष्ट म्हणजे चार्जिंगचा पॉइंट. गटाने दोन एक्स्टेंशन बोर्ड सोबत घ्यावेत आणि दिवे व फोन आधी, बाकीची यंत्रे नंतर लावावीत. शेवटी आलेल्यांसाठी गरम पाणी आणि भिंतीकडेची गादी राखावी. पहाटे चारचा गजर लावणाऱ्याने तो पहिल्याच घंटेला बंद करावा. सामानाची पिशवी आपल्याला एका हाताने उचलता येईल एवढीच असावी, कारण ती रोज दोनदा स्वयंसेवक उचलतात. टेम्पोचे चालक दादा आणि स्वयंपाकाच्या मावशी यांची नावे पहिल्या संध्याकाळी विचारून घ्यावीत, नावाने हाक मारावी आणि जेवायला त्यांनाही पंगतीत बसवावे.

गावातले लोक चहा देतात, पैसे घेत नाहीत. तो चहा सायकलवरून उतरून, बसून प्यावा. एनर्जी जेलची रिकामी पाकिटे खिशात परत जावीत. केळ्याची साल शेतात फेकू नये, शेत कोणाचे तरी असते. ज्यांच्यासाठी निधी जमवला त्या संस्थेला वाटेत भेट असेल, तर मुलांचे किंवा रुग्णांचे फोटो त्यांना किंवा पालकांना विचारल्याशिवाय काढू नयेत आणि भाषणे पाच मिनिटांत उरकावीत.

शेवटच्या दिवशी बांदा, पत्रादेवी ओलांडून म्हापशाच्या पुढे आले की पुढच्यांना पणजी दिसू लागते आणि पाय आपोआप जोर धरतात. पर्वरीला सगळ्यांनी थांबावे, शेवटचा येईपर्यंत, आणि तो आल्यावर नेहमीची दहा मिनिटे. मांडवीचा पूल आणि शेवटचे काही किलोमीटर सावकाश, एकाच गटाने पार करावे, आणि या चार दिवसांत सर्वांत मागे राहिलेल्याला विचारावे की त्याला ओळीत पुढे चालवायला आवडेल का. नको म्हणाला तर आग्रह करू नये. घरी परतल्यावर आठवड्याच्या आत प्रत्येक देणगीदाराला जमलेली एकूण रक्कम कळवावी आणि पावती पोहोचली का ते विचारावे. वाटेत कोणाची ट्यूब उसनी घेतली असेल, तर त्याच मापाची नवी ट्यूब त्याच आठवड्यात त्याच्या घरी पोहोचती करावी.